खांदेरीच्या वेताळाचे प्रश्न

थळच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं की दोन बेटं दिसतात. अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. खांदेरीवर वेताळाचं ठाणं आहे. शिळेच्या रूपातला हा देव कोळ्यांचा राखणदार. यंदाचा दिवाळी अंक रहस्य, चकवा, नवल आणि कोडी यांच्या पुस्तकांना वाहायचा असं ठरलं, तेव्हा या पानाची सुरुवात कुठून करायची याचा विचार फार करावा लागला नाही. कोडं घालावं तर वेताळानेच.

या गोष्टींचं मूळ परंपरा पैठणपर्यंत नेते. सातवाहनांच्या दरबारात गुणाढ्याने पैशाची भाषेत रचलेली 'बृहत्कथा' काळाच्या ओघात हरवली. तिचा धागा धरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला आणि त्यात वेताळाच्या गोष्टी आल्या. मराठीत छापखाना नुकता कुठे रुळत होता तेव्हा, 1830 साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. छापील मराठी पुस्तकं मोजकीच असण्याच्या त्या काळात वाचकाच्या हाती पडलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी एक कोड्यांचं होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालला आहे. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी पुन्हा झाडावर. राजा प्रत्येक वेळी बोलतो आणि प्रत्येक वेळी मागे फिरतो. शेवटी असं कोडं येतं की त्याला उत्तर सापडत नाही. एकीकडे बाप आणि मुलगा, दुसरीकडे आई आणि मुलगी. बापाने त्या मुलीशी लग्न केलं, मुलाने तिच्या आईशी. आता त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजा विचार करत मुकाट चालत राहतो. त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि ज्या जोग्यासाठी राजा एवढी पायपीट करतो आहे तोच त्याचा बळी देणार आहे, हे गुपित फोडतो.

लहानपणी ही नुसती भुताची गोष्ट वाटते. पुन्हा वाचली की दिसतं, आपल्या आजच्या विषयातली सगळी पात्रं तिच्यात उभी आहेत. प्रश्न विचारणारा वेताळ आहे. माहीत असेल ते सांगणारा आणि माहीत नसेल तिथे गप्प बसणारा राजा आहे. आणि सर्वज्ञपणाचा आव आणून हेतू लपवणारा जोगीही आहे. नवलाच्या पुस्तकांचा बाजार मोठा आहे. एखादं पुस्तक हाती आलं की मी एवढंच पाहतो: हे वेताळाचं पुस्तक आहे की जोग्याचं?

खांदेरीवरच पाहा. वेताळाइतकाच तिथला दुसरा मानकरी म्हणजे वाजणारा खडक. दिसायला इतर काळ्या खडकांसारखाच, पण लहान दगडाने ठोकला की तांब्यापितळेच्या भांड्यासारखा टणटणतो. बेटावर गेलेला प्रत्येक जण तो वाजवून पाहतो आणि परतीच्या होडीत चर्चा सुरू होते. आत धातू आहे, आत पोकळी आहे, आत खजिना आहे. खरं तर दगड वाजायला धातू लागत नाही. घट्ट, एकजीव, आतून न भेगाळलेला खडक मोजक्याच ठिकाणी टेकलेला असला, तर ठोकल्यावर त्याचं कंपन जमिनीत लगेच मुरत नाही, हवेत ऐकू येतं. तोच खडक सगळ्या अंगाने मातीत रुतलेला असता तर ठप्प आवाज आला असता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अशा वाजणाऱ्या खडकांचं अख्खं पठार आहे. हंपीच्या विठ्ठल मंदिरात कारागिरांनी दगडी खांबांतूनच सूर काढले. हे कळल्यावर खांदेरीचा खडक कमी गोड वाजतो का? उलट आता आपण कान देऊन ऐकतो. एक विनंती मात्र इथेच करून ठेवतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. खडक वाजवायचाच तर अलगद वाजवा, टवका उडेल असा घाव घालू नका.

खांदेरीचा किल्लाही जन्मापासून कोड्यात सापडलेला. 1679 च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारीला बेटावर पाठवून तटाचं काम सुरू केलं. मुंबईचे इंग्रज हादरले, कारण हे बेट त्यांच्या बंदराच्या तोंडाशी. त्यांनी जहाजं आणून वेढा घातला. सप्टेंबरात बेटावर उतरायला गेलेला लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. 18 ऑक्टोबरला महाराजांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराशी मोठी झुंज झाली. तोफा इंग्रजांकडे जड होत्या, तरी बेटावर माणसं, रसद, दारूगोळा पोचतच राहिला. कसा? उत्तर थळ-नागावच्या पाण्यात आहे. इथली लहान गलबतं आणि मचवे उथळ पाण्यातून, खडकांच्या मधून, वाऱ्याच्या उलट वल्ह्यांवर जात. मोठ्या जहाजांना तिथे शिरणं शक्य नव्हतं, आणि अंधारात ते दिसतही नसत. पाणी, भरती-ओहोटी आणि खडक पाठ असलेल्या माणसांनी केलेला हा चकवा होता. पुढे जानेवारी 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली.

या दोन सालांशी एक खेळ खेळू. कागद-पेन्सिल घ्या. खांदेरीचं साल 1679. त्यातले अंक मोठ्यापासून लहानाकडे लावले की 9761, लहानापासून मोठ्याकडे लावले की पुन्हा 1679. वजाबाकी 8082. हीच कृती पुन्हा: 8820 वजा 0288, उत्तर 8532. पुन्हा: 8532 वजा 2358, उत्तर 6174. आणखी एकदा करा: 7641 वजा 1467, परत 6174. आता सुटका नाही.

आता उंदेरीचं साल, 1680. पहिली वजाबाकी 8610 वजा 0168, म्हणजे 8442. मग 5994, मग 5355, मग 1998, मग 8082. म्हणजे खांदेरीच्या वाटेवर येऊन मिळालो. मग 8532 आणि सातव्या पायरीला 6174. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती याच ठिकाणी येते. खांदेरी तिसऱ्याच पायरीला पोचली, उंदेरीला मात्र सातही चढाव्या लागल्या.

हे गुपित शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूचे. जन्म 1905 चा. देवळालीला शाळेत मास्तर होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. अंकांशी खेळणं हाच ध्यास. आपले शोध ते पदरमोड करून लहान लहान पुस्तिकांत छापत. 6174 त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी ही सगळी करमणूक समजून बाजूला ठेवली. 1975 च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. आपल्या माणसाची ओळख आपल्याला बाहेरून व्हावी, याचं वाईट वाटतं.

पण 6174 येतो कसा? पहिल्या वजाबाकीतच चार अंकांचं बळ जातं. उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिला फरक गुणिले 999, अधिक दुसरा गुणिले 90. खांदेरीसाठी हे फरक 8 आणि 1. 7992 अधिक 90, बरोबर 8082. असे फरकांचे जोड फक्त 54 होऊ शकतात. समोर हजारो संख्यांचा गलका दिसतो, आणि एका पायरीत केवळ 54 उरतात! त्या 54 ची वाट कागदावर काढून पाहता येते. आठवीतली मुलगी हे एका दुपारी करू शकते, आणि तिने केलं तर 6174 कायमचा तिच्या मालकीचा होईल.

चांगल्या कोड्याच्या पुस्तकाकडून माझी एवढीच मागणी आहे. त्याने मला उत्तराच्या वाटेवर न्यावं. उत्तर सांगितलं की गंमत जाते असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही.

उत्तर लपवणारे सगळे मात्र सारखे नसतात. जादूगार आणि भोंदू यांच्यातला फरक पाहा. जादूगार रघुवीर तिकीट लावून प्रयोग करत, रंगमंचावर लोकांना फसवत, आणि लोकही फसायलाच येत. दोघांत करार स्पष्ट होता. आता लिंबू कापून रक्त काढणारा पाहा. घरात करणी झाली आहे असं सांगतो, लिंबावर सुरी चालवतो आणि लाल थेंब टपकतात. सुरीच्या पात्याला आधीच जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून सुकवलेला असतो. लिंबातल्या आम्लाने तो लालभडक होतो. हातचलाखी दोघांची सारखीच, पण दुसऱ्याने घाबरलेल्या बाईच्या गळ्यातलं सोनं मागितलेलं असतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत हेच चमत्कार करून दाखवत आणि लगेच त्यांची रीत उघडी करत. मुलं आधी श्वास रोखून पाहायची, मग हसायची, मग स्वतः करून पाहायची. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. प्रश्नाचं उत्तर उघड सांगितल्याची किंमत आपल्या राज्यात एका माणसाने जीव देऊन मोजली आहे. म्हणून या विषयावर अंक काढताना आम्हाला केवळ करमणुकीची भाषा बोलता येणार नाही.

प्रत्येक गूढ अनुभवामागे भोंदूच असतो असं मात्र नाही. रात्री बांधावरून, माळावरून चालताना चकवा लागतो, हे कोकणात पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं. माणूस तासन्‌तास चालतो आणि त्याच झाडापाशी येतो. हे खोटं आहे असं म्हणून हात झटकणं सोपं. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा नोंदवल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकलं की गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडू लागली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. सरळ म्हणजे कुठे, याच्या जाणिवेत पावलागणिक किंचित चूक साठत जाते. म्हणजे चकव्याची गोष्ट सांगणाऱ्या आजोबांचा अनुभव खरा होता, कारण तेवढं वेगळं निघालं. जुन्या गोष्टींकडे असं पाहणारी पुस्तकं मराठीत अजून फार कमी आहेत. ती हवीत.

कधी पुस्तकच कोडं होऊन बसतं. मराठीतलं एक संपूर्ण साहित्यच कित्येक शतकं कुलपात होतं, हे किती जणांना ठाऊक असेल? महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण, आणि किल्ली पंथाबाहेर कुणाकडे नाही. म्हाइंभटांनी गद्यात लिहिलेलं 'लीळाचरित्र' बाहेरच्या वाचकांसाठी असून नसल्यासारखं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हाती ती किल्ली आली आणि मराठी गद्याचा इतिहास मागे सरकला. कुठल्याही गुप्तहेरकथेने हेवा करावा अशी ही कथा आहे; या अंकात तिला सर्वांत जास्त पानं दिली आहेत.

गुप्तहेरकथांचंही ऋण मोठं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या काळा पहाड आणि झुंजार या नायकांसाठी वाचनालयांत नंबर लागत. नारायण धारपांनी रात्री दिवा लावून झोपायला लावलं, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पोरांना सायकलवर बसवलं. 'नवल' आणि 'धनंजय' यांच्यासारख्या अंकांनी गूढ आणि रहस्य यांना दिवाळीत हक्काचं घर दिलं. 1909 साली 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तिला या अंकांनी एक वेगळी खोली जोडली असं मी म्हणेन. समीक्षकांनी मात्र या लेखकांना दारातच उभं ठेवलं, आणि स्वस्त कागदावरची ती पुस्तकं आज जुन्या वाचनालयांतूनही नाहीशी होत आहेत. कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका.

या अंकात प्रत्येक कोड्यासोबत उत्तर आणि उत्तरासोबत रीत छापली आहे. काही लेखांच्या शेवटी कारण अजून ठाऊक नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. तिथे लेखकांना आम्ही अंदाज रंगवू दिले नाहीत. पुढच्या दिवाळीसाठी वाचकांकडे मागणं आहे. कोळीवाड्यांत, आगरी घरांत, वाड्यांवर लग्नाच्या मांडवात आणि शेतावरच्या कामाच्या वेळी घातली जाणारी कोडी, हुमाणं, हिशेबाचे पेच जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. ती त्यांच्या बोलीत, जशीच्या तशी उतरवून पाठवा. उत्तर आठवत नसेल तरी कोडं पाठवा. आम्ही ते तसंच, उत्तराची जागा मोकळी ठेवून छापू.



— संपादक, थळ