पांडूच्या आधीचा हवालदार

दादा कोंडके म्हटले की ढगळ हाफ पँट, लोंबणारी नाडी आणि भाबडा चेहरा डोळ्यांपुढे येतो. मग घरात लेकीसुना असतील तर घाईघाईने विषय बदलला जातो. बँकेतल्या नोकरीत मी याचा एक निराळा नमुना पाहिला. १९८०च्या दशकात तालुक्याच्या गावी दादांचा चित्रपट लागला की टॉकीजवर झुंबड उडे. सोमवारी शाखेत विचारावे, तर तो कोणीच पाहिलेला नसे. मात्र जेवणाच्या सुटीत त्यातले संवाद सगळ्यांना पाठ! अशा या कोणीच न पाहिलेल्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची नोंद थेट गिनेस बुकात झाली.

पण माझी तक्रार या दांभिकपणाबद्दल नाही. पडद्यावरच्या दादांनी रंगमंचावरच्या दादांना पार झाकून टाकले, ही आहे. आणि दोघांतला मोठा कलावंत रंगमंचावरचा होता, असे माझे मत आहे.

१९३२ साली जन्मलेला कृष्णा कोंडके गिरणगावात वाढला. तिथल्या चाळींत भजनी मंडळे होती, गणपतीतले मेळे होते, बँड होते. पोटासाठी अपना बाजारात नोकरी आणि हौसेसाठी बँडमध्ये वाजवणे, असे त्याचे दिवस गेले. ही बँडची उमेदवारी मला फार महत्त्वाची वाटते. विनोद सांगणे हे निम्मे तालाचे काम आहे. शब्द कुठे टाकायचा, त्याआधी किती मात्रा मोकळ्या सोडायच्या, हे ज्याच्या अंगात भिनले आहे तोच समेवर हशा घेतो.

पुढे राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आले. निळू फुले आणि राम नगरकरही त्याच मुशीतले. मग दादांनी स्वतःची पार्टी काढली आणि १९६५च्या सुमारास वसंत सबनिसांचा वग हाती घेतला. मूळ नाव ‘छपरी पलंगाचा वग’, रंगमंचावर झाले ‘विच्छा माझी पुरी करा’. राजा, प्रधान, कोतवाल, मैनावती आणि दादांचा हवालदार. गण-गवळणीपासून बतावणीपर्यंतचा तमाशाचा जुना घाट सबनिसांनी ठेवला आणि आत खुर्चीचे राजकारण भरले. संहिताही अशी लवचीक, की गावोगावच्या आणि त्या त्या दिवसाच्या बातम्या हवालदाराच्या तोंडी सहज बसाव्यात. दीड हजारांवर प्रयोग झाले. सबनिसांचे नाव मात्र आपण फारसे घेत नाही.

आशा भोसले यांनी तो वग पाहिला, भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि १९६९चा ‘तांबडी माती’ मिळाला, असे सांगतात. १९७१ला ‘सोंगाड्या’, १९७५ला ‘पांडू हवालदार’. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

मला वाटते, फरक पडला तो इथेच. वगात दुसरा अर्थ प्रेक्षक लावीत असे. दादा वाक्य अर्धे सोडून निरागसपणे उभे राहत, आणि हशा उसळला की आपल्यालाच काही कळले नाही असा चेहरा करीत. समोर बायामाणसे बसलेली असत. कुठे आवरायचे ते तीच सांगत. कॅमेऱ्याला असे डोळे नसतात. तो थांबवीत नाही. म्हणून चित्रपटागणिक अर्थ अधिक उघडा होत गेला, आणि १९८६च्या हिंदी चित्रपटापर्यंत तर सारा विनोद नावातच उरकला. सोवळ्या मंडळींनी नाक मुरडले, भक्तांनी ‘लोकांना आवडते ना!’ म्हणून हात झटकले. कलेविषयी दोन्हीकडून कोणी बोलले नाही.

दादा १४ मार्च १९९८ला गेले. हा हवालदार पुढे आपल्या ढंगाने गाजवणारे विजय कदमही २०२४मध्ये गेले. अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलेले दादांचे ‘एकटा जीव’ आहे, वगाची छापील संहिताही आहे. पण तिच्यातल्या मोकळ्या जागा छापता येत नाहीत. १९६५ला विशीत असलेला प्रेक्षक आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या आजोबा-आजींपैकी कोणी तो वग पाहिला असेल, तर आज दुपारी जेवणानंतर विचारा. हवालदार काय बोलला, हे नको. बोलण्याआधी तो किती वेळ गप्प उभा राहिला, ते विचारा. आणि ते सांगत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.