एआय कारागिराला आधी आपला हिशेब लिहून द्या

"आता प्रोग्रामरची गरज नाही, एआयला सांगितले की सॉफ्टवेअर तयार," असे आमच्या मालेगावच्या बाजारात हल्ली रोज कानावर येते. अनेक व्यापारी बांधवांची मुले या नादाला लागली आहेत. नाद वाईट नाही. पण मी त्यात सोळाशे रुपयांचा आणि त्याहून जास्त इज्जतीचा धक्का खाल्ला आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

आमचा धंदा असा. सूत आम्ही घेतो, बीम आणि बाणा यंत्रमागवाल्यांना देतो, ते कापड विणून देतात आणि मजुरी घेतात. मजुरी पिकावर ठरते. 52 पिकाचे कापड आणि दर पिकाला 10 पैसे, म्हणजे मीटरला 5 रुपये 20 पैसे. हा हिशेब वहीतून संगणकावर आणावा म्हणून माझ्या पुतण्याने एआय सहायकाकडून प्रोग्राम लिहून घेतला. दोन दिवसांत काम झाले. पहिल्याच जुमेरातीला एका मागवाल्याचे 8,000 मीटरचे बिल निघाले, 40,000 रुपये. तो म्हणाला, "सेठ, माझे सोळाशे कुठे गेले?" प्रोग्रामने मीटरचा दरच पूर्ण रुपयात करून टाकला होता. 5.20 चे 5 झाले. बिल 41,600 चे हवे होते. कारागिराचा हक्क माझ्या दुकानात कापला गेला, आणि मला पत्ताही नव्हता.

दोष कोणाचा? पुतण्या म्हणाला, एआयचा. मी म्हणतो, आमचा. पैसे कुठे पूर्ण करायचे आणि कुठे नाही, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. आपला मुनीम तीस वर्षे गादीवर बसलेला असतो, त्याला न सांगता कळते. हा सहायक मात्र रोज सकाळी नवा माणूस असतो. काल तुम्ही तासभर समजावलेले आज नव्या बैठकीत त्याला आपोआप आठवेलच असे नाही.

2021 साली गिटहब कोपायलट आले तेव्हा ते प्रोग्रामरला पुढची ओळ सुचवत असे. 2025 पासून मिळणारे क्लॉड कोडसारखे सहायक स्वतः फाइली उघडतात, बदलतात, प्रोग्राम चालवून पाहतात. हात एवढा लांब झाला की आधी नियम लिहून ठेवावे लागतात. त्यासाठी प्रोजेक्टमध्ये एक साधी मजकुराची फाइल असते. क्लॉड कोड 'क्लॉड डॉट एमडी' नावाची फाइल कामाच्या सुरुवातीला वाचते, दुसरे कित्येक सहायक 'एजंट्स डॉट एमडी' वाचतात.

ही फाइल पुतण्यावर सोडू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याला संगणक कळतो, पीक कळत नाही. आम्ही पुन्हा बसलो. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी कामापुरती. मी अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत बोललो, त्याने लिहून घेतले, आणि सहायकाला ते समजले. पहिली फाइल अकरा पानांची झाली. त्यात आमच्या दुकानाचा इतिहासही होता! एवढ्या पसाऱ्यात कामाच्या गोष्टी बुडतात. शेवटी दीड पान ठेवले : रक्कम पैशात ठेवायची, पूर्ण रुपयात करायची तर फक्त बिलाच्या शेवटी, एकदाच. ताका म्हणजे काय, बीम कोणाच्या नावावर चढते, कापडात डाग निघाला तर कपात कोण ठरवतो (माणूस, यंत्र नव्हे). प्रोग्राम कसा चालवायचा, कोणत्या फाइलला हात लावायचा नाही. आणि काम सुरू करण्याआधी काय करणार ते सांगायचे, आम्ही हो म्हटल्यावरच करायचे.

पण फाइल लिहिली म्हणजे यंत्र ती प्रत्येक वेळी पाळेलच असे नाही. म्हणून मुनीमजींकडून दहा जुनी बिले हाताने सोडवून घेतली आणि ती टेस्ट म्हणून प्रोजेक्टमध्ये घातली. प्रोग्राममध्ये काहीही बदलले की ही दहा बिले आपोआप पुन्हा सोडवली जातात. एक पैसा चुकला तरी काम अडते. इथे एक सावधगिरी. उत्तर जुळेना तर सहायक कधी कधी टेस्टच बदलून ठेवतो, परीक्षेचा पेपर बदलणाऱ्या पोरासारखा. तेव्हा टेस्टमधला प्रत्येक बदल आपण डोळ्यांनी पाहावा. त्यासाठी 'गिट' आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली तयार केलेली ही फुकट वही. कोणत्या ओळीत काय बदलले ते तिच्यात दिसते आणि बिघडले तर नोंदवलेल्या जुन्या प्रतीवर परत जाता येते. आमच्याकडे पहिल्या वेळी ती नव्हती, म्हणून चूक कुठे शिरली हे शोधण्यात दोन दिवस गेले.

आणखी एक. पुतण्याने खरी खातेवहीच त्या फोल्डरमध्ये ठेवली होती, पार्ट्यांची नावे, जीएसटी नंबर, बँक खाती सगळे. सहायक जे वाचतो ते बाहेर कंपनीच्या संगणकाकडे जाते. लोकांचा हिशेब आपल्याकडे अमानत आहे. आता तिथे खोट्या नावांची वही आहे, आणि पासवर्ड त्या फोल्डरबाहेर.

मागवाल्याचे सोळाशे त्याच दिवशी दिले. पुतण्याला आता जीएसटीच्या पावत्यांचे काम काढायचे आहे. मी त्याला सांगितले आहे, आधी मुनीमजींकडून वीस पावत्या हाताने सोडवून आण, मग संगणक उघड.