मुंबईचे दोन विमानतळ आणि एकच मालक

२५ डिसेंबर २०२५ रोजी उलव्याच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि आपल्या कार्यालयातला सगळ्यात सोपा प्रश्न अवघड होऊन बसला. गिऱ्हाईक म्हणते, ‘मुंबईचे तिकीट काढा.’ आता विचारावे लागते, कुठली मुंबई? दादरच्या माणसाला सांताक्रूझ, पनवेलच्या माणसाला उलवे, एवढ्यावर हे भागले असते तर बरे झाले असते. पण विमान कुठून सुटणार हे प्रवाशाच्या पत्त्यावरून ठरत नाही, आणि आपल्या सोयीने तर मुळीच नाही.

दोन विमानतळ झाले म्हणजे त्यांच्यात चुरस लागणार, चुरस लागली की भाडी उतरणार, असे आपल्या व्यवसायातही अनेकजण धरून चालले आहेत. मुंबईच्या बाबतीत हे गणित मुळातच चुकते. सांताक्रूझ-सहारचा जुना विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचे ७४ टक्के आहेत, उरलेले २६ टक्के विमानतळ प्राधिकरणाचे. नव्या विमानतळाच्या कंपनीतही समूहाचे ७४ टक्केच, फक्त २६ टक्क्यांचा भागीदार सिडको. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात गेले म्हणून कोणी स्वतःशी भांडत नाही. सांताक्रूझचे टर्मिनल १ पाडून नव्याने बांधायचा बेत जाहीर आहे. तो अमलात येईल तेव्हा तिथली विमाने कुठे जायची, कोणी आधी हलायचे, हे ठरवताना दोन्ही बाजूंना मालक एकच असेल.

लंडनकरांनी हा अनुभव वीस वर्षांहून जास्त काळ घेतला. हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड हे तिन्ही बीएए या एकाच कंपनीच्या हाती होते. शेवटी २००९ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने सांगितले की गॅटविक आणि स्टॅनस्टेड विकून मोकळे व्हा. गॅटविक त्याच वर्षी विकला गेला. स्टॅनस्टेड कोर्टकचेऱ्या करून २०१३ मध्ये मँचेस्टरच्या समूहाकडे गेला. आपल्याकडे असे काही लगेच घडेल अशी भाबडी आशा आम्हाला नाही. पण ‘स्पर्धा’ हा शब्द उच्चारताना ती नेमकी कोणाची कोणाशी, हे तरी स्वच्छ असावे.

खऱ्या चुरशीचा नमुना पाहायचा तर गोव्याकडे पाहावे. दाबोळी नौदलाचा तळ आणि प्रवासी भाग विमानतळ प्राधिकरणाचा, मोपा जीएमआरचा. मालक वेगळे, म्हणून ओढाताणही खरी. ५ जानेवारी २०२३ला मोपाहून उड्डाणे सुरू झाली आणि दीड वर्षात मोठी नावे हलली. एअर इंडियाचे लंडन गॅटविकचे विमान २०२३ मध्ये, कतार एअरवेज २०२४ मध्ये. दाबोळीला आठवड्याच्या दिवसांत सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, ही अडचण मोपाला नाही. सासष्टीतले हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले तेव्हापासून ओरडत आहेत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मोपाहून मडगाव साठ-पासष्ट किलोमीटर. कोलव्याला चार रात्री राहणाऱ्या कुटुंबाला तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत घालवावे लागतात. आपल्यातले शहाणे एजंट आता गोव्याचे तिकीट काढण्याआधी हॉटेल कुठे ते विचारतात.

मुंबईत चुरस असेल ती विमान कंपन्यांत, आणि तीही स्लॉटसाठी. सांताक्रूझ-सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमाने चढवण्या-उतरवण्याची कसरत तिथले नियंत्रक रोज करतात. सकाळी सात ते दहाचा स्लॉट हा तिथला सोन्याचा तुकडा. नियम असा की हंगामात तो ऐंशी टक्के वापरला तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात तोच स्लॉट तुमचा. त्यामुळे हाती आलेला स्लॉट कोणी सोडत नाही. कंपनी बुडाली तरच तो मोकळा होतो. १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेज थांबली तेव्हा तिच्या मुंबईतल्या स्लॉटवर बाकीच्यांनी कशी झडप घातली, ते आपण पाहिलेच आहे.

तेव्हा उलव्याला पहिल्या काही वर्षांत काय जाईल? दिल्ली, बंगळूरु, हैदराबाद यांची नवी विमाने जातील, कारण या मार्गांवर दोन्हीकडून भरण्याइतके प्रवासी आहेत. जुनी विमाने मात्र कंपन्या सहारलाच ठेवतील. परदेशी कंपन्यांना देशांतर्गत जोडविमानांची साथ लागते, ती जिथे दाट तिथेच त्या राहतील. इंधनावरच्या करात फरक नाही. राज्याने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, आणि उलवे रायगडातच आहे. फरक आहे तो प्रवाशाच्या खिशाला लागणाऱ्या वापर शुल्कात. सुरुवातीच्या दरपत्रकाप्रमाणे उलव्याहून देशांतर्गत उडणाऱ्याला ६२० रुपये, सहारहून १७५. चार जणांच्या कुटुंबाला हे जाणवते. अटल सेतूचा टोल वेगळाच.

पण आमच्या काळजीचा विषय दिल्ली-बंगळूरु नाही. नांदेड, कोल्हापूर, जळगाव, नाशिक यांचे काय होणार, ही खरी काळजी. उडान योजनेची पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ला निघाली, त्यात नांदेडचे विमान होते, पण ते हैदराबादला गेले. राज्याच्या राजधानीला नांदेडचे विमान नंतर मिळाले. पहिल्या काही वर्षांत आपल्या छोट्या शहरांच्या विमानांना मुंबईत धड वेळ मिळवताना नाकी नऊ आले होते. सत्तर आसनांच्या एटीआरला आणि दीडशेहून जास्त आसनांच्या एअरबसला स्लॉट एकच लागतो. मग एटीआरला आडवेळ किंवा नकार, हे ओघाने आलेच. आता नवी धावपट्टी आल्यावर ही विमाने उलव्याला ढकलणे सगळ्यांनाच सोयीचे आहे, फक्त त्यांत बसणाऱ्याचा विचार कोणी केलेला नाही.

नांदेडहून दुबईला लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांचे उदाहरण घ्या. देशांतर्गत विमान दुपारी उलव्याला उतरते, दुबईचे विमान रात्री सहारहून. तिकिटे दोन, पीएनआर दोन. बॅगा थेट दुबईपर्यंत जाणार नाहीत. उलव्याच्या पट्ट्यावरून त्या उतरवून घ्यायच्या, टॅक्सी करायची, वाशीवरून किंवा सेतूवरून ३५-४० किलोमीटर जायचे, तेही संध्याकाळच्या गर्दीत. सहारला पुन्हा रांग, पुन्हा वजन, आणि काउंटर उड्डाणाआधी तासभर बंद. पहिले विमान दोन तास उशिरा आले तर दुसरी कंपनी त्यांना ‘नो-शो’ म्हणून मोकळी होईल, आणि फोन येईल तो आपल्याला. याच आजी-आजोबांना हैदराबादमार्गे एकाच तिकिटावर नेले तर पिशवीसुद्धा उचलावी लागणार नाही. मग नांदेडचा एजंट हैदराबादच विकणार, आणि मुंबईचे विमान रिकामे धावते म्हणून बंद पडणार. त्यासाठी कोणी त्याला दोष देऊ नये.

विमाने दूरच्या विमानतळाकडे ढकलण्याची अशीच चाल इटलीत खेळली गेली होती. मिलानचा लिनाते विमानतळ शहराच्या कडेला आणि मालपेन्सा ४५-५० किलोमीटर दूर. १९९८ मध्ये मालपेन्साचे मोठे टर्मिनल सुरू करताना सरकारने नियम केला की ज्या मार्गावर वर्षाला वीस लाखांहून जास्त प्रवासी असतील तेवढाच लिनातेला राहील. नियम सगळ्यांना सारखा दिसतो. प्रत्यक्षात या अटीत बसणारा मार्ग एकच, रोमचा. म्हणजे अलितालियाने लिनातेहून लोकांना रोमला नेऊन तिथून जगभर पोचवायचे, आणि फ्रँकफर्ट किंवा लंडनमार्गे नेणाऱ्या परदेशी कंपन्यांनी मालपेन्साला जाऊन बसायचे. युरोपीय आयोगाने हा डाव ओळखला आणि तो नियम लागू करू दिला नाही. आयोगाचे आणखी एक कारण आपल्याला जास्त कामाचे आहे: मालपेन्साला पोचायची नीट सोय नसताना विमाने तिकडे सक्तीने हलवता येणार नाहीत. रेल्वे आली ती १९९९ मध्ये. आणि ज्या अलितालियासाठी एवढा खटाटोप केला, तिने २००८ मध्ये मालपेन्साहून स्वतःच बहुतेक गाशा गुंडाळला.

आपल्याकडे ८ ऑक्टोबर २०२५ला एकाच दौऱ्यात पंतप्रधानांनी उलव्याच्या विमानतळाचे आणि भुयारी मेट्रो ३च्या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन केले. त्या मेट्रोची दोन स्थानके जुन्या विमानतळाच्या दोन टर्मिनलांना आहेत. नव्या विमानतळाला मेट्रो नाही. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ अजून व्हायची आहे.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. राज्यातल्या शहरांहून येणाऱ्या विमानांसाठी सहारला सकाळी आणि रात्री ठरावीक स्लॉट राखून ठेवावेत, निदान मेट्रो ८ धावेपर्यंत. तोवर त्यांपैकी कोणतेही विमान कंपनीच्या मर्जीविरुद्ध उलव्याला पाठवू नये. ‘सगळ्यांना सारखा नियम’ या नावाखाली कोणी आसनसंख्येची अट पुढे केली, तर त्या अटीत नेमके कोण बसते हे आधी तपासावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणि राज्याच्या विमानतळ विकास कंपनीकडे आपल्या जिल्हा संघटनांनी हे लेखी पाठवायला हवे, आणि सोबत प्रवाशांचे आकडे जोडायला हवेत. कोल्हापुरातून महिन्याला किती जण मुंबईत विमान बदलून परदेशी जातात, हे आपल्या वह्यांइतके खात्रीने कोणालाच माहीत नाही.

आणि आपल्या टेबलावरचे काम. कोटेशनवर नुसते ‘मुंबई’ लिहिणे आजपासून बंद करा. बीओएम की एनएमआय ते प्रवाशाला कळेल अशा मोठ्या अक्षरांत, टर्मिनलसकट लिहा. भाड्याची तुलना करताना वापर शुल्क आणि टॅक्सी धरूनच आकडा सांगा. दोन विमानतळांमधले जोडविमान दोन तिकिटांवर विकायचेच असेल तर मध्ये सहा तास ठेवा, आणि त्याहून कमी वेळ मागणाऱ्याकडून लेखी संमती घ्या. ग्रुप बुकिंगवाल्यांनी एक जास्तीची खबरदारी घ्यावी: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून लागू होते, आणि आता त्यात वेळच नव्हे, विमानतळही बदलू शकतो. एप्रिल-मेच्या ज्या ग्रुपांची बस आधीच ठरवली आहे, त्यांचे पीएनआर त्या आठवड्यात पुन्हा एकदा उघडून पाहा.