दुधाविना कोजागरी

आपल्या घरांतून ‘मला दूध चालत नाही’ हे वाक्य अलीकडे दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या तोंडून ऐकू येऊ लागले आहे. आजोबांना ते पोटामुळे चालत नाही आणि पुण्या-बंगळूरहून सुटीसाठी मंडीदीपला आलेल्या नातीला ते तत्त्वामुळे चालत नाही. दोघांच्या मध्ये उभी असते ती घरची गृहिणी. मग कढी कशाची करायची आणि कोजागरीला यांच्या पेल्यात काय ओतायचे, हा तिचा प्रश्न. आपण डॉक्टर मंडळी या प्रश्नाकडे बहुधा हसून पाहतो, किंवा ‘दूध म्हणजे पूर्णान्न’ एवढे बोलून मोकळे होतो. माझ्या मते हा विषय स्वयंपाकघराइतकाच आपल्या तपासणीच्या खोलीतलाही आहे.

आजोबांचे आधी पाहू. दुग्धशर्करा पचवणारे लॅक्टेज विकर वाढत्या वयात कमी होणे हा रोग नव्हे. जगातील बहुसंख्य प्रौढांची ती स्वाभाविक अवस्था आहे. भारतात वायव्येकडील लोकांना दूध अधिक सोसते, दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसे कमी. पेलाभर दुधात साधारण १० ग्रॅम दुग्धशर्करा असते आणि एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत ती बहुतेकांना जेवणाबरोबर सोसते. दह्यात ती कमी होते, चक्का बांधल्यावर निवळीबरोबर आणखी निघून जाते, तुपात तर जवळजवळ उरतच नाही. म्हणजे ज्याचे पोट केवळ सकाळच्या दुधाने बिघडते, त्याच्या पानातून श्रीखंड आणि वरणावरचे तूप काढून घेण्याचे कारण नाही. (मधुमेह असेल तर श्रीखंडाबाबत वेगळा वाद घालता येईल.) दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही मात्र निराळी बाब, तिथे थेंबाचीही सूट नसते. तान्ह्या मुलाला अशी ॲलर्जी असल्याच्या नुसत्या संशयावरून त्याला बदामाचे किंवा ओटचे ‘दूध’ पाजणे हा प्रकार आपण कठोरपणे थांबवला पाहिजे. बदामाच्या विकतच्या पेयात प्रथिने नावापुरतीच असतात. एक वर्षाच्या आतील बाळाचे पोषण त्यावर होत नाही.

आता नातीकडे वळू. तिच्या तत्त्वाशी आपण सहमत असू वा नसू, तिला उपाशी ठेवणे हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आणि गंमत अशी की, तिच्यासाठी नवे काही शोधण्याआधी आपलीच जुनी पाने उलटली तर पुष्कळ सापडते. कोकणातली सोलकढी, नारळाच्या गोड दुधात बुडवलेले शिरवाळे, काळ्या वाटाण्याची सांबारी, देशावरचे पिठले, खानदेशी भरीत, कटाची आमटी, भगरीबरोबरची दाण्याची आमटी, यांतील कशातही गाईम्हशीचा संबंध नाही. आपण माळव्याच्या कडेला येऊन स्थिरावलो आणि आपली जीभ दुधातुपाकडे झुकली, हेही खरे. पुरणपोळीवर दुधाची वाटी आणि भुट्ट्याच्या किसात दूध, ही इकडची समृद्धी.

परंतु प्रत्येक पदार्थाची नक्कल साधत नाही, हे स्वच्छ सांगितलेले बरे. बासुंदीचा तो विशिष्ट खरपूस गोडवा दुधातील शर्करा व प्रथिने मंद आचेवर परस्परांशी संयोग पावून तयार होतो. नारळाचे दूध कितीही आटवले तरी ते नारळाचेच राहते. वर त्यातील संपृक्त स्निग्धांश पाहता हृदयरुग्णासाठी ते मूळ बासुंदीपेक्षा हितकर आहे असेही म्हणता येत नाही. पेढा, खरवस, रबडी यांचा नाद सोडावा. याउलट भुट्ट्याचा कीस दुधाविना उत्तम होतो. कणीस कोवळे असेल तर त्याचा स्वतःचाच चीक पुरेसा असतो. तुपाऐवजी तेलात जिरे-हिंग-मिरचीची फोडणी करून, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवले की झाले. कढीही जमते. शेंगदाणे रात्रभर भिजवून, साले काढून, पाण्याबरोबर वाटून गाळावेत. ते दूध उकळून कोमट झाले की त्यात हिरव्या मिरचीची देठे टाकून विरजावे. हे दही सौम्य लागते, म्हणून कढीत दोन आमसुले जास्त घालावीत. आल्याकढीपत्त्याची फोडणी बसल्यावर चव पुष्कळशी ओळखीची होते.

सर्वांत जवळचा पर्याय मात्र आपल्या अंगणात आहे आणि आपणच त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. मध्य प्रदेश हे सोयाबीनचे राज्य म्हणून देशभर ओळखले जाते. भोपाळच्या नबीबाग येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत १९८५ पासून सोयाबीनच्या प्रक्रियेवर आणि घरगुती उपयोगावर काम चालू आहे. सोयादूध आणि सोयापनीर करण्याचे प्रशिक्षण तेथे दिले जाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस’ नावाने सोयाबीनचे वाण दिले. एवढे असून आपले सोयाबीन तेलाच्या घाण्याला जाते आणि पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला. ज्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आहेत, त्याची आपल्या स्वयंपाकातली ओळख वडीच्या रश्श्यापुरतीच.

लोकांची तक्रार असते ती वासाची. तो कच्चट वास दाणे थंड पाण्यात वाटताना लायपॉक्सिजनेज या विकरामुळे सुटतो. भिजवून सोललेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून गरम गरमच वाटले तर तो पुष्कळ कमी होतो. त्यानंतर दूध पंधरा-वीस मिनिटे उकळणे आवश्यकच, कारण प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक उष्णतेनेच निष्क्रिय होतात. या दुधावर सायही धरते. थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांना मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवण्यास आपण सांगितले पाहिजे.

बाजारातील तयार मालाविषयी मी साशंक आहे. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने हुरळून जाण्याइतके आपण नवखे नाही. १९३७ मध्ये आलेला डालडा हाही एक दुग्धविरहित पर्यायच. ‘वनस्पती तूप’ म्हणून दोन पिढ्यांनी त्यात करंज्या तळल्या. त्यातील ट्रान्स मेदाचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम लागू व्हायला २०२२ साल उजाडले. वनस्पतिजन्य पेयांच्या वेष्टनावर ‘दूध’ शब्द नको, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बजावले, ते मला योग्य वाटते. घरात आपण काहीही म्हणावे. विकताना नाव नेमके असावे.

तरीही खरी चिंता चवीची वा नावाची नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या लोकांत किती पसरलेली आहे, हे या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले. पुढे २००८ मध्ये, गरोदरपणी बी-१२ कमी व फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध अधिक आढळतो, हेही त्यांनी मांडले. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळते ते मुख्यतः दुधादह्यातून. तेही बंद झाले की सोया, दाणे, तीळ, नाचणी यांपैकी कशानेही ते भरून निघत नाही. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दूध सोडले; १९१८ मध्ये खेड्याच्या दौऱ्यात ते दाण्याच्या लोण्यावर आणि लिंबावर राहत होते. पुढे आजाराने क्षीण झाल्यावर डॉक्टरांचा आग्रह आणि कस्तुरबांचे बोलणे यांमुळे त्यांनी बकरीचे दूध स्वीकारले. त्या वेळी बी-१२ कोणाला ठाऊकच नव्हते. आज त्याची गोळी स्वस्त आहे. म्हणून दूध सोडलेल्या प्रत्येकाला, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींना आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना, आपण ती नियमित देत राहावी. सोयादूध घेणाऱ्यांना त्यात कॅल्शियम घातलेले आहे का, हेही विचारावे. घरगुती सोयादुधात ते गाईच्या दुधापेक्षा बरेच कमी असते.

येत्या कोजागरीला आपल्या समाजाच्या अंगणात एका पातेल्याऐवजी दोन ठेवावीत, अशी माझी सूचना आहे. दुसऱ्यात सोयादूध, दाटपणासाठी भिजवून वाटलेले काजू, वेलदोडा, जायफळ आणि थोडे जास्त केशर. पातेल्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात आणि डाव दोन्हींत वेगवेगळे ठेवावेत.