जोडीदाराची पहिली फेक

फ्लाय फिशिंगची गोडी आपल्या जोडीदारालाही लागावी, ही इच्छा या छंदात मुरलेल्या बहुतेकांच्या मनात असते. परंतु त्यासाठी जो मार्ग सर्रास पत्करला जातो, म्हणजे भल्या पहाटे जोडीदाराला थेट वाहत्या पाण्यात उभे करून तिथेच फेक शिकवू लागणे, तोच पुष्कळदा ती गोडी कायमची घालवतो, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

यात दोष शिकणाऱ्याच्या कुवतीचा नसून अडचण या फेकीच्या स्वभावातच आहे. साध्या गळात टोकाला बांधलेले वजन पुढे जाते आणि बारीक दोरी त्याच्यामागे ओढली जाते. येथे मात्र पिसे, केस व दोरा गळावर गुंडाळून केलेली कृत्रिम माशी, म्हणजेच ‘फ्लाय’, इतकी हलकी असते की जाड, वजनदार दोरीच रॉडला वाकवते आणि त्या माशीला वाहून नेते. त्यासाठी दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडावी लागते, आणि या मागच्या फेकीनंतरचा क्षणभराचा विराम नवख्याला विचित्र वाटतो, कारण जे घडायचे ते त्याच्या नजरेआड घडत असते. विराम चुकला की दोरी सैल पडते, ती सैल पडली की शिकणारा हाताचा जोर वाढवतो, आणि जोर वाढला की रॉडचे टोक मोठ्या कमानीत फिरून फेक कोसळते. अशा वेळी शेजारून नवऱ्याने किंवा बायकोने केलेली सूचना कितीही अचूक असली, तरी ती घरातल्या इतर शंभर सूचनांच्या रांगेत जाऊन बसते. म्हणून फेक परक्या शिक्षकाकडून शिकावी. सोबत मात्र जोडीदाराने द्यावी.

न्यू यॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांत, बीव्हरकिल नदीच्या खोऱ्यात, ली आणि जोन वुल्फ या दांपत्याने १९७९ मध्ये फेक शिकवणारी शाळा काढली. जोन वुल्फ यांनी १९६० मध्ये १६१ फुटांची फेक केली होती, आणि नृत्यही शिकवलेल्या या शिक्षिकेने फेकीतील हालचालींना निश्चित नावे दिली. त्यांपैकी ‘पॉवर स्नॅप’ म्हणजे हाताला शेवटी मिळणारी झपकन गती आणि लगेचचा ठाम थांबा. हालचालीला नाव मिळाले की चूक व्यक्तीची न राहता हालचालीची होते, आणि नवख्याचा धीर टिकण्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

याच परिसरात वॉल्ट व विनी डेट आणि हॅरी व एल्सी डार्बी ही दोन दांपत्ये कित्येक वर्षे जोडीने माश्या बांधत राहिली. या छंदात शिरण्याची वाट नेहमी फेकीतूनच जाते असे नाही, हे त्यांच्याकडे पाहून ध्यानात यावे. एखाद्याला पाण्यातील दगड उलटून त्याखाली चिकटलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या पाहण्यात रस वाटेल, तर एखादीला पिसांचे रंग जुळवण्यात. तो रस हाच खरा आरंभ मानावा.

फेकीचा पहिला सराव गवतावर करावा, आणि त्या वेळी गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा. पहिला मासा ट्राउटच असावा हा हट्टही सोडून द्यावा, कारण तळ्यातील सनफिश माशीवर सहज झडप घालतो आणि नवख्याच्या हाताला दोरीतली ती धडपड लवकर कळते. जोडीदाराला जुना, ढगळ वेडर, म्हणजे छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख, देऊ नये. मापाचा पोशाख, नऊ फुटी पाच नंबरचा रॉड, बिनकाट्याचा गळ आणि डोळ्यांवर चष्मा एवढे अगत्याने जुळवावे.

आणि मुरलेल्या व्यक्तीने त्या दिवशी स्वतःचा रॉड घरीच ठेवावा. रॉड हाती असला की नजर पाण्याकडे वळते, ही सवय भल्याभल्यांना सुटत नाही. परतण्याची वेळ जोडीदारानेच ठरवावी, मग ती नेमकी मेफ्लाय पाण्यावर उतरू लागण्याच्या ऐन घटकेला आली तरी.