व्हेनिसच्या वेशीवर पाच युरो

मे महिन्यातील एका शुक्रवारी सकाळी सांता लुचीया रेल्वेस्थानकातून बाहेर पडलो, तेव्हा ग्रँड कॅनॉलच्या आधी नजरेस पडली ती तपासनिसांची रांग. हातातील यंत्राने ते प्रत्येकाच्या मोबाइलवरील संकेतचौकट वाचत होते. माझा मुक्काम समोरच्या मुख्य भूमीवर, मेस्त्रे येथे होता. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येत असल्याने शुल्क माफ होते, मात्र माफीचाही अर्ज संकेतस्थळावर भरावा लागतो. मागे बोलोन्याहून दिवसभरासाठी आलेले एक वयस्क जोडपे होते. आदल्या रात्री बेत ठरल्यामुळे त्यांना माणशी पाचऐवजी दहा युरो पडले होते. कुरकुर काही नव्हती. ‘संग्रहालयाचे तिकीट याहून महाग असते,’ एवढेच ते गृहस्थ म्हणाले.

नेमक्या याच तुलनेचा व्हेनिसकरांना संताप येतो.

दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याचा हा प्रयोग 25 एप्रिल 2024 रोजी सुरू झाला. पहिल्या वर्षी गर्दीचे 29 दिवस निवडले गेले, 2025 मध्ये 54. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चौदा वर्षांखालील मुले, व्हेनेतो प्रांताचे रहिवासी आणि मुक्कामी पाहुणे यांना सूट आहे. 2025 चा हंगाम रविवारी, 27 जुलैला संपला. तत्कालीन महापौर लुईजी ब्रुन्यारो यांच्या प्रशासनाने मांडलेला हेतू महसुलाचा नव्हता, गर्दी आवरण्याचा होता. मात्र पहिल्या वर्षाच्या हिशेबात ठळकपणे दिसतो तो महसूलच: सुमारे 4 लाख 85 हजार जणांनी शुल्क भरले आणि सुमारे 24 लाख युरो जमा झाले. गर्दी ओसरल्याचा पुरावा कोठे आहे, हा विरोधी नगरसेवकांचा प्रश्न तेव्हापासून कायम आहे.

ती ओसरेल अशी अपेक्षा तरी का धरावी? आपल्यापैकी जे भारतीय पारपत्रावर लंडनमध्ये राहतात, त्यांना युरोपात शिरण्यासाठी शेंगेन व्हिसाचेच नव्वद युरो मोजावे लागतात. वर कागदपत्रांची यातायात आणि भेटीची वेळ मिळवण्याची तपश्चर्या. एवढे सोसून, विमानभाडे भरून आलेला माणूस पाच युरोंसाठी माघारी फिरत नाही. शिवाय हे शुल्क आकारले जाते ते दिवसा येऊन संध्याकाळी परतणाऱ्याकडून. शहराचे खरे दुखणे रात्रीच्या मुक्कामात दडलेले आहे.

1951 मध्ये या बेटांवरील जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. ऑगस्ट 2022 मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. पुढच्याच वर्षी पर्यटकांच्या खाटांनी रहिवाशांच्या संख्येला मागे टाकले, असे तेथील नागरिक गटांची मोजणी सांगते. यामागे कोणतेही गूढ नाही. घर कुटुंबाला महिन्याच्या भाड्याने देण्यापेक्षा पाहुण्यांना रात्रीच्या दराने दिले, तर मालकाच्या हाती कितीतरी अधिक पैसा येतो. माणसे गेली की शाळेतील मुले घटतात, वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते, आणि मग उरलेल्यांनाही राहणे जड होते. अशा अल्पमुदतीच्या भाड्यावर मर्यादा घालण्याचा विशेष अधिकार इटलीच्या संसदेने 2022 मध्ये व्हेनिसला दिला. महापालिका तो वापरण्यात चालढकल करते, ही टीका मला रास्त वाटते. वेशीवर तपासनीस उभा करणे सोपे असते. घरमालक हे मतदारही असतात. बार्सिलोनाने निदान तो धोका पत्करला आहे. तेथील दहा हजारांवर पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपुष्टात आणण्याची घोषणा झाली आहे. ती प्रत्यक्षात किती उतरते ते दिसेलच.

व्हेनिसला कठोर निर्णय घेताच येत नाहीत, असेही नाही. ऑगस्ट 2021 पासून महाकाय क्रूझ जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी आहे. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढले होते. त्यानंतर वर्षभराच्या आत, ऑक्टोबर 2020 मध्ये, भरती रोखणारे ‘मोझे’ प्रकल्पाचे दरवाजे प्रथमच प्रत्यक्ष उपयोगात आले. त्याआधी हा प्रकल्प भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत वर्षानुवर्षे रखडला होता, हे वेगळे सांगायला नको.

दुपारी रिआल्तोजवळच्या एका खाणावळीत जेवलो. वाढणारा तरुण बांगलादेशी होता, हिंदी चित्रपटांतून शिकलेले हिंदी बोलणारा. या शहरात काम करून आपल्याला सहा वर्षे झाली, पण येथे एक रात्रही राहिलो नाही, असे तो म्हणाला. मेस्त्रेत चौघे मिळून घर घेतले आहे. त्याच्यासारखे हजारो बांगलादेशी तेथे राहतात आणि रोज पूल ओलांडून व्हेनिस चालवायला येतात.

तेथून दोन मिनिटांवर, सान बार्तोलोमेओ चौकात, एका औषधविक्रेत्याने 2008 पासून खिडकीत आकड्यांची पाटी लावली आहे. शहरात आज किती रहिवासी उरले, हे ती दाखवते. त्या दिवशी आकडा अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास होता. चार वाजता तपासनीस आवराआवर करून निघून गेले. रात्री मेस्त्रेच्या ट्राममध्ये तो तरुण पुन्हा भेटला. माझ्या शेजारची जागा मिळताच त्याने डोळे मिटले.