प्रयोगवहीतून : दहा देश, एक मोटरसायकल आणि राहून गेलेला एक कागद



गेल्या अंकात डाळ शिजायला वेळ का लागतो यावर लिहिलं होतं. कोजागिरीच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांनी त्यावरून आमची थट्टा केली, म्हणजे अंक वाचला जातो एवढं तरी सिद्ध झालं. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. येत्या जूनमध्ये आम्ही मोटरसायकलवरून युरोप फिरायचं ठरवतो आहोत. 'आम्ही' म्हणजे या सदरात नेहमीप्रमाणे आम्ही दोघं. लिहितो एक, चुका दुसरी काढते.

मोटरसायकलचं वेड जुनं आहे. पुण्यात कॉलेजला असताना स्कूटरवरून महाबळेश्वरला जाऊन आलो होतो, त्याचा अभिमान इथे यॉर्कशायरला आल्यावरही बरेच दिवस टिकला. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालतं. त्यानंतर एक दिवसाचं प्राथमिक प्रशिक्षण, मग लेखी परीक्षा, मग दोन प्रत्यक्ष परीक्षा. पहिल्या प्रत्यक्ष परीक्षेत ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने येऊन अचानक ब्रेक दाबून थांबायचं असतं. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेपेक्षा तिथे जास्त घाम फुटला. पण लायसन्स मिळालं, आणि दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड गाडी घरी आली.

आता प्रवासाचा आराखडा. हलहून रात्रीच्या बोटीने रॉटरडॅम. तिथून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशियाच्या किनाऱ्याने थेट दुब्रोव्हनिक. तिथून बोटीने इटलीतलं बारी, मग इटली चढत चढत आल्प्स, स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, बेल्जियम आणि परत रॉटरडॅम. नेदरलँड्स धरून दहा देश झाले. पहिल्या आराखड्यात आम्ही दिवसाला चारशे किलोमीटर धरले होते आणि सगळं चौदा दिवसांत बसवलं होतं. मग एका रविवारी प्रयोग म्हणून सामान लादून, दोघं बसून, आडरस्त्यांनी व्हिटबीला जाऊन आलो. जेमतेम अडीचशे किलोमीटर झाले आणि मागे बसणारीला घरी आल्यावर जिना चढवेना. तेव्हा आता चोवीस दिवस, त्यातले अठरा गाडीवर, सरासरी दिवसाला २६० किलोमीटर. एकूण सुमारे ४,७००. प्रयोगाने सिद्धांत बदलला की वाईट वाटून घ्यायचं नसतं.

खरी गंमत कागदपत्रांत आहे. आमच्यापैकी एकाकडे भारतीय पासपोर्ट, दुसरीकडे ब्रिटिश. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. जिथे जास्तीत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे प्रथम शिरणार त्या देशाकडे. आमचे सर्वांत जास्त दिवस इटलीत जातात, म्हणून अर्ज इटलीकडे, जरी पहिलं पाऊल हॉलंडमध्ये पडणार असलं तरी. प्रवासाआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर अर्ज घेत नाहीत, आणि पंधरा दिवसांपेक्षा उशीर करून चालत नाही. फी जून २०२४ पासून ९० युरो. शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. ब्रिटिश पासपोर्टवालीला व्हिसा लागत नाही, पण कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा तिलाही आहे. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीत सीमेवर तिचेही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. "आता कळलं ना, आम्ही इतकी वर्षं काय करत होतो ते," असं म्हणण्याची संधी आम्ही सोडली नाही.

व्हिसा एकदाच प्रवेशाचा मिळाला तर काय, ही एक धास्ती होती. क्रोएशियाचा किनारा दुब्रोव्हनिकच्या अलीकडे मध्येच तुटतो, आणि नेऊम नावाच्या गावापाशी काही किलोमीटर बोस्नियाची हद्द लागते. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. म्हणजे एकदा बाहेर पडलं की परत आत येता येणार नाही. पण २६ जुलै २०२२ ला पेल्येशॅत्सचा पूल सुरू झाला आणि क्रोएशियाच्या एका भागातून दुसऱ्या भागात समुद्रावरूनच जाता येऊ लागलं. पुढे १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आला. एका पुलामुळे आमचा आराखडा वाचला.

ज्यांना पुढेमागे गाडी घेऊन जायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात टिपण देतो. गाडीच्या नोंदणीचं मूळ कागदपत्र बरोबर हवं. नंबरप्लेटजवळ 'जीबी' नव्हे, 'यूके' अक्षरं हवीत. हा बदल सप्टेंबर २०२१ चा आहे. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंडमध्ये मोटारमार्गावर जायला मोटरसायकललाही व्हिनेट घ्यावं लागतं. इटली, क्रोएशिया, फ्रान्समध्ये टोल आहे. फ्रान्समध्ये प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत. तातडीच्या मदतीसाठी सगळीकडे ११२. आणि प्रवासविम्याची बारीक अक्षरं नक्की वाचा. अनेक पॉलिसींमध्ये १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटरसायकलवर झालेली दुखापत वगळलेली असते. आमची पहिली पॉलिसी तशीच निघाली. म्हणजे विमा होता, फक्त मोटरसायकलवर बसायचं नव्हतं.

सामानाचं गणित सोपं आहे, पण निष्ठुर आहे. आमच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे माणसं आणि सामान मिळून २०० किलो चालतं. आम्ही दोघं जाकीट, बूट, हेल्मेटसकट १५२. पेट्या १४. हत्यारं, पंक्चरचं सामान ६. उरले २८, म्हणजे चोवीस दिवसांसाठी माणशी १४ किलो. आम्ही स्वयंपाकघरातला काटा काढून पोहे, मेतकूट, गोडा मसाला मोजून बांधायची तयारी केली. साजूक तूप मात्र घरीच राहणार. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मेतकूट-भात तुपाशिवाय खायचा, हा या प्रवासातला सर्वांत मोठा त्याग ठरेल असं आम्हाला वाटत होतं.

तसं झालं नाही.

आमच्या यादीत सत्तेचाळीस कामं होती. एका शनिवारी ती साताऱ्याला आईला फोनवर वाचून दाखवली. आई दरवर्षी उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर इथे येते. आमची नऊ वर्षांची मुलगी त्या चोवीस दिवसांत तिच्याजवळ राहणार आहे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोघं एकाच गाडीवर ना रे? मग तुम्हाला काही झालं तर पोरीचं काय, ते कितवं काम आहे?"

ते कोणतंच काम नव्हतं.

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग यादीऐवजी शाळेचा फॉर्म काढला. तातडीने कोणाशी संपर्क साधायचा, या रकान्यात पहिलं नाव एकाचं, दुसरं दुसरीचं, आणि तिसऱ्या ओळीत प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याचं. तो तीन वर्षांपूर्वीच स्कॉटलंडला गेला. मोटरसायकलची आम्हाला भीती वाटते म्हणून तिची यादी झाली. पण गेली अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच मोटारीतून, पावसात, रात्रीबेरात्री, मंडळाचे कार्यक्रम करून हायवेने घरी येतोच आहोत. तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

माहिती काढली, ती अशी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टप्रमाणे आईवडिलांना मुलासाठी पालक नेमून ठेवता येतो. तो कागद लेखी हवा, त्यावर तारीख हवी, सही हवी. मृत्युपत्रातच नेमलं तर अधिक चांगलं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांनी साक्ष करायची नाही. असा कागद नसेल तर मूल कोणाकडे राहणार हा निर्णय न्यायालयाकडे जातो. आपण भारतात म्हणतो, "घरचे बघतील." पण घरचे साताऱ्यात आहेत, आणि आईचा व्हिसा एका वेळी सहा महिन्यांचा. ती माया करू शकते, इथे कायमची राहू शकत नाही.

मग कोणाला विचारायचं? आमच्या डोळ्यांसमोर एकच घर आलं. आमच्या मंडळाच्या मराठी शाळेच्या ताई आणि त्यांचे यजमान. नाव लिहीत नाही, पण बहुतेकांना कळेलच. आमची मुलगी त्यांच्याकडे चप्पल काढून थेट फ्रिज उघडते. तरी असलं काही विचारायला जाताना पाय जड झाले. दिवाळीचा फराळ घेऊन गेलो आणि चकल्या संपल्या तरी विषय निघेना. शेवटी एकीने धीर केला.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, यात विचारायचं काय?" त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान मात्र गप्प होते. मग म्हणाले, "विचारायचंच असतं. आम्हाला आठ दिवस द्या."

खरं सांगायचं तर ते आठ दिवस आम्हाला जड गेले. नाही म्हणाले तर शाळेत तोंड कसं दाखवायचं, इथपर्यंत विचार झाला. नवव्या दिवशी दोघंही घरी आले, आणि यजमानांच्या हातात वही होती. त्यांत प्रश्न लिहिलेले. तिला दरवर्षी साताऱ्याला न्यायचं का? ती पुढे आजीकडेच राहते म्हणाली तर पाठवायचं का? घरी मराठीच बोलायचं का? तिच्या शिक्षणाचे पैसे कुठे आहेत? आणि शेवटचा, जो आम्ही एकमेकांनाही विचारला नव्हता : "तिला हे सांगितलंय का?"

त्या वहीवरून आम्हाला कळलं की त्यांनी हो म्हणायचं ठरवलं आहे. नकार द्यायचा असता तर इतके प्रश्न पडले नसते.

मुलीला आम्ही सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ताईंकडे कुत्रा आहे. चालेल. पण तुम्ही परत या."

आराखड्यात त्यानंतर दोन बदल झाले. स्टेल्व्हिओ ही २,७५७ मीटर उंचीची खिंड, आपल्या कळसूबाईहून हजार मीटरने जास्तच उंच. तिच्या उत्तरेच्या अंगाला ४८ वळणं आहेत आणि सामान लादून ती उतरायची हौस आम्हाला फार होती. आता बोर्मिओकडून चढून उंब्राईलच्या रस्त्याने स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं ठरवलं आहे. तिथेही वळणं आहेत, पण गर्दी कमी. दुसरा बदल, रोज संध्याकाळी सात वाजता, कुठेही असलो तरी, घरी फोन.

येत्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर त्या कागदावर सह्या होणार आहेत. मंडळातले दोघे साक्षीदार म्हणून येताहेत, मागोमाग चहा आहे. आणि एक सांगायचं राहिलं. निघताना ताईंचे यजमान दारात थांबले आणि म्हणाले, "आमचाही असा कागद नाही हो. आमच्या दोघांसाठी तुम्ही सही कराल?"

आम्ही त्यांच्याकडे आठ दिवस मागून घेतले आहेत. वही आणली आहे, प्रश्न लिहायला सुरुवात केली आहे.

मंडळी, तुम्ही मोटरसायकलवर बसा किंवा बसू नका. पण आज रात्री जेवणं झाली की शाळेचा तो फॉर्म काढून तिसरी ओळ एकदा वाचा.